सात नंबरचा बे

आमच्या विमान कंपनीत नवीन विमान कधी येणार असं कुणी विचारलं, की मी 'दिवाळीत' म्हणायचे. कुठल्या दिवाळीत, ते सांगत नसे. कारखान्यात कधी इंजिनं नसत, कधी खुर्च्या नसत. दर वेळी दिलगिरीचा गोड ईमेल यायचा आणि माझी मार्गांची सगळी मांडणी कोलमडायची. स्वस्त तिकिटांचा धंदा एवढ्यावरच चालतो, की विमान जमिनीवर रिकामं उभं राहता कामा नये. सकाळी राजकोट, दुपारी इंदूर, संध्याकाळी परत, असं त्याने दिवसभर राबलं पाहिजे. नसलेलं विमान राबवणार कसं? मी एकेक मार्ग बंद करत होते आणि प्रवाशांच्या शिव्या खात होते.

विमानतळ रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खाडीत भराव घालून बांधलेला. माझ्या खिडकीतून सात नंबरचा बे दिसायचा. बे म्हणजे विमान उभं करायची जागा. त्यापलीकडे कुंपण, मग तिवरं, मग उरलीसुरली मिठागरं. माझे सासरे येसाजी आयुष्यभर तिथे मीठ पिकवत होते, आता ट्रक चालवतात. माझा नवरा रितेश विमानतळावरच कामाला. येणाऱ्या विमानासमोर चमकते दांडे घेऊन उभं राहायचं, खुणा करून ते जागेवर आणायचं आणि शेवटी दोन्ही दांडे डोक्यावर आडवे धरून थांबवायचं, हे त्याचं काम.

सात नंबर आमच्या नव्या विमानासाठी राखीव होता. विमान लांबलं तसा दुसऱ्या कंपन्यांचा त्याच्यावर डोळा पडला. म्हणून मी एक चलाखी केली. संगणकावर आमचं विमान सात नंबरला 'आलं' असं भरून टाकलं. तिथून निघण्याचं काहीच भरलं नाही. निघायला ते होतं कुठे?

दसऱ्याला पूजा ठरली होती, पाहुणे बोलावून झाले होते. आमच्या वरिष्ठ अमिषा मॅडम म्हणाल्या, "विमान नाही तर नाही, पूजा होऊ दे." रितेश आणि त्याच्या सोबत्यांनी नव्या ट्रकची करतात तशीच ती केली. रिकाम्या बेवर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि पुढची चाकं जिथे यायची तिथे लिंबं ठेवली.

घरी येसाजी जेवता जेवता थांबले. "गाडी दारात न्हाय आनि पूजा कोनाची केलीत? नुसती बलवून ठेवलीत तिला."

"बाबा, ती कारखान्यात बिनइंजिनाची उभी आहे," मी हसून म्हटलं.

ते हसले नाहीत. ताट सारून उठले.

दुसऱ्या दिवशी लिंबं चेचून सपाट झाली होती, सालं सिमेंटमध्ये रुतली होती. सामानाचा ट्रॅक्टर गेला असेल, असं मी म्हटलं. ट्रॅक्टर तिकडे फिरकलाच नव्हता.

त्या संध्याकाळी एक मोकाट कुत्रा बेवर शिरला. मी खिडकीतच होते. मधोमध पोहोचला आणि उचलला गेला. उचलला गेला असंच म्हणते, कारण ती उडी नव्हती. हवेत गरगर फिरला आणि खाली आला तो तुकड्यातुकड्यांनी. रक्ताचा मोठा गोल शिंतोडा सिमेंटवर उमटला. शेजारच्या विमानाच्या इंजिनाने ओढला असेल, असं मी वर कळवलं. शेजारी विमान नव्हतं.

मग भागोजी. रितेशबरोबर सामान चढवायचा, घरी येऊन आमच्याकडची सुकी मासळी हक्काने मागून न्यायचा. त्याची ट्रॉली बेच्या कडेवरून जात होती. ट्रॉलीचं छप्पर फाटलं आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून उपटला गेला. त्याची किंकाळी दोन काचांआडून मला ऐकू आली. हात शोधूनही मिळाला नाही.

बे बंद करायला हवा होता. पण त्याच आठवड्यात भाड्याच्या एका विमानाचे मालक ते परत घेऊन गेले, दुसऱ्या कंपन्या सात नंबर मागू लागल्या, आणि तो हातचा जाऊ नये म्हणून मॅडमनी राजकोटहून येणारं विमान तिथे लावायला सांगितलं. मी भांडले. कुणी ऐकलं नाही.

"मी न्हाय गेलो तर दुसरा कोन जानार?" रितेश डबा भरताना म्हणाला. "दिसत न्हाय, पन तिथं उभं हाय ते. पोट तापलेलं हाय त्याचं. दांडे आडवे धरले का थांबतं, खाली घेतले का पुढं सरकतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याला जायचं हाय, मृणाल. तू वाटच न्हाय दिलीस."

मी रागावले. घाबरले होते म्हणून रागावले.

संध्याकाळी राजकोटचं विमान उतरायच्या आधीच तो बेवर जाऊन उभा राहिला. दोन्ही दांडे डोक्यावर, आडवे.

विमान उतरलं, लांब थांबलं. रितेश वळला नाही. त्याचं तोंड समोरच्या रिकाम्या जागेकडे होतं.

कुंपणापलीकडची तिवरं स्थिर होती. त्याचं नारिंगी जाकीट मात्र फडफडत होतं.

जाकीट फाटलं आणि पुढे ओढलं जाऊन नाहीसं झालं.

त्याच्या कानांतून रक्त येत होतं. बूट सिमेंटवर घासत पुढे सरकत होते.

एक दांडा हातातून सुटला. खाली पडला नाही.

मी ओरडले. मग धावत संगणकाकडे आले आणि त्या नसलेल्या विमानाच्या नावापुढे निघण्याची वेळ भरली. 'आत्ता.' कुठे? समोर पडद्यावर राजकोट दिसलं. राजकोट भरलं.

खिडकीच्या काचा हादरल्या. कुंपण खाडीकडे वाकलं. रितेश तोंडावर आपटला आणि श्वास घेत पडून राहिला.

तो वाचला. रात्र इस्पितळात काढून मी सकाळी थेट कामावर आले. बेवर दुसरं विमान निमूट उभं होतं आणि माणसं त्याच्या पोटाखालून ये-जा करत होती. मला रडू आलं, आनंदानेच.

तेवढ्यात फोन वाजला. राजकोटला आमचं काम बघणारी हेमाली.

"मृणालबेन, अमारा एक माणूस गेला. बे रिकामा होता. त्याचं डोकं... दुसरा त्याला उचलायला गेला, तोपण... आता कोणी पुढे जात नाय. मी काय करू?"

"कुणाला तिथे पाठवू नकोस," मी म्हटलं. "जरा थांब."

ती रडत होती. फोन मी कानालाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने संगणकावर त्या विमानाची पुढची ओळ उघडली. परत इकडे यायचा मार्ग मी भरणार नव्हते.

इंदूरच्या बेवर आज कोण उभं असेल, ते मी पाहिलं नाही. इंदूर भरलं.