विहिरीतलं भूत गाव सोडून गेलं

प्रणितची मोटारसायकल शेताच्या धुऱ्याजवळच्या चिखलात रुतली आणि लगेच निघालीही. तरी तो तिथून हलेना. पाणी भरल्या बांधीत धानाची रोवणी करणाऱ्या बायांना दिव्यानी पिक्चर सांगत होती, आणि विहिरीतलं भूत नेमकं कोण, हे अजून कळायचं होतं.

"अवं, तो पोरगा काऊन थांबला?" शेजारच्या कमळाबाईनं दिव्यानीला विचारलं.

"भूत पाहाले."

"मंग तुलेच पाहून राह्यला तो!"

बाया खिदळल्या. भुरभुर पावसात दिव्यानीचे कान तेवढे तापले.

गावात मोबाइलला रेंज नावापुरती. दिव्यानी सिंदेवाहीला कॉलेजात जायची, तिथल्या रेंजमध्ये मोबाइलवर नवे पिक्चर पाहायची आणि सुट्टीला रोवणीत सांगायची. भुताचा असला की बाया धानाचे परे जरा जास्तच खोल रोवत; हसण्याचा असला की ओळी वाकड्या.

शेजारच्या गावचा प्रणित आता रोज त्याच धुऱ्यावरून जाऊ लागला. दुसरा रस्ता जवळचा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मले एखादा सुचव ना."

"कोणासंग पाहशील?"

"आईसंग."

"मंग नवरदेव पळते तो पाह. एकटा असशील तं चोर-पोलिसाचा. लढाईचा नको... रडशील."

"मी काऊन रडीन?"

"तोंडावरूनच दिसते."

आणि मग एका शनिवारी तो गाडी उभी करून थेट बांधीतच उतरला, पोटऱ्यांपर्यंत चिखलात.

"पुण्याले कंपनीत लागलो. सोमवारी चाललो."

दिव्यानीच्या हातातले परे पाण्यावर तरंगू लागले.

"तू सांगितलेले सगळे पिक्चर पाह्यले," तो म्हणाला. "सगळ्याईचे शेवट खोटे! तो पोलीस बदली घेऊन जाते. तू त्याले ऑर्डर फाडाले लावली. नवरदेव पळते तो पळतेच. तू त्याले बसस्टॉपवरून परत आणलं. अवं, भूतसुद्धा विहीर सोडून जाते, दिव्यानी! तू त्याले तिथंच बसवून ठेवलं."

बाया काही ऐकतच नव्हत्या. म्हणून तर इतक्या सरळ ओळी त्यांनी जन्मात कधी रोवल्या नव्हत्या.

"कोणी गेलं तं तुले एवढं भेव काऊन वाटते?"

"दादा गेला," ती खाली पाहत म्हणाली. "मैत्रिणी गेल्या. जो गेला, तो फोनपुरता उरला... तोही रेंज असली तं."

पाऊस थांबला होता. प्रणित आणखी एक पाऊल जवळ आला.

"मंग सांग. थांबू का?"

एक शब्द पुरला असता. तो थांबलाही असता, आणि पुढं जन्मभर विहिरीतल्या भुतासारखा काठाकडे बघत बसला असता. दिव्यानीनं हे सगळं मनात तोलून पाहिलं. ओठ चावला.

"जा."

त्याचा चेहरा पडला.

"पण... जायच्या आधी माझ्या बाबाले भेटून जा."

"काय सांगू त्याईले?"

"एवढे पिक्चर पाह्यले," ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आणि तेही मीच सांगू?"

प्रणित गाडीबिडी विसरून, चिखलातूनच तिच्या घराच्या दिशेनं पळत सुटला.

"अरे बाबू, पाय तं धू!" कमळाबाई मागून ओरडली.