श्रद्धांजलीचा सूचक

वरदापूर महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा आता चहा गार व्हायच्या आत संपते. पूर्वी ती दिवसभर चालायची. माइक उपटले जायचे, राजदंड पळवला जायचा, कुणी रिकामा हंडा घेऊन महापौरांसमोर ठाण मांडून बसायचं. पूर्वसभा आली आणि हे सगळं थांबलं.

पूर्वसभा म्हणजे खऱ्या सभेच्या आधी यंत्रात होणारी सभा. प्रत्येक नगरसेवकाची आजवरची भाषणं, मतं, रुसवे, कुणाशी तो बोलतो आणि कुणाला टाळतो, हे सगळं यंत्राला दिलेलं असतं. त्यातून त्या माणसाची छाया तयार होते. छाया म्हणजे चित्र नव्हे, ते त्या माणसाच्या वागण्याचं गणित असतं. या छाया पुढच्या काही महिन्यांच्या सभांसाठी एकत्र बसवल्या की त्या भांडतात, तडजोडी करतात, हात वर करतात. पुढे खरी माणसंही तेच करतात. मग जो विषय पडणारच, तो सभेपुढे न्यायचा कशाला? म्हणून नियम झाला, की पूर्वसभेत मंजूर होईल तोच विषय विषयपत्रिकेवर यायचा.

ही पत्रिका ठरवायला महापौरांच्या दालनात चौघं बसत. महापौर कुसुमताई वाघचौरे, सभागृह नेते भाऊसाहेब तनपुरे, विरोधी पक्षनेते हमीद मुजावर आणि यंत्र सांभाळणाऱ्या डॉ. मृण्मयी ओगले. ओगले मॅडम बाहेरगावच्या. त्यांना यंत्र सगळं माहीत होतं, गाव थोडंच.

"जुन्या टाकीचं काय झालं?" कुसुमताईंनी बसल्याबसल्या विचारलं.

"पूर्वसभेत विषय नामंजूर झाला," डॉ. ओगले म्हणाल्या.

पाण्याची ती टाकी उंच खांबांवर उभी होती. खांबांचं काँक्रीट सुटून आतले गज दिसत होते. खाली दाटीची वस्ती. टाकी रिकामी करून पाडायची, असा तो विषय होता. पण नवी टाकी होईपर्यंत अकरा वॉर्डांना टँकरवर दिवस काढावे लागणार होते. वस्ती हलवायचा विषय त्याहून वाईट पडला होता. तिला जागा द्यायला एकही वॉर्ड तयार नव्हता. आणि आयुक्तांनी लेखी कळवलं होतं, आधी सभागृहाचा ठराव आणा, मग पाहू.

"ताई, पुढचा उन्हाळा टँकरवर काढायचा," तनपुरे म्हणाले. "माझ्या वॉर्डातल्या बायका मला सुखानं घरात बसू देतील का?"

"तुम्हाला कायमचं घरी बसवायचं आमचंही स्वप्न आहे, भाऊसाहेब," मुजावर हसले. "पण या विषयात आम्ही तुमच्या बाजूला. आमचेही चार वॉर्ड आहेत त्यात."

"विषय कायमचा गेलेला नाही," डॉ. ओगले म्हणाल्या. "ऑक्टोबरच्या सभेत तो एकमतानं मंजूर होतो."

"ऑक्टोबरात कसा?" कुसुमताईंनी विचारलं.

त्यांनी पडदा महापौरांकडे वळवला. त्यावर सप्टेंबरची पत्रिका होती. विषय पहिला: जुन्या टाकीच्या दुर्घटनेतील मृतांना श्रद्धांजली. एकमताने मंजूर. सभा तहकूब.

कुसुमताईंनी हातातला चहा खाली ठेवला.

"याला भविष्य दिसतं का मॅडम?" मुजावरांनी हळू विचारलं.

"नाही. खांबांवर मोजमापाची उपकरणं आहेत, त्यांची माहिती यंत्राकडे येते. तडे कसे वाढताहेत त्यावरून पुढे सभेसमोर काय येईल, एवढंच ते सांगतं. त्याला मरण कळत नाही, विषय कळतो."

"मग आजच रिकामी करा ना ती टाकी!" कुसुमताईंचा आवाज चढला.

"समजा केली," तनपुरे शांतपणे म्हणाले. "टाकी पडली नाही, कुणी मेलं नाही. मग लोक विचारणार, आमचं पाणी तोडलं ते कशासाठी? काय दाखवू त्यांना? जे झालंच नाही ते कसं दाखवायचं, ताई?"

मुजावर टेबलाकडे बघत म्हणाले, "उरलेलं पाडायचा विषय ऑक्टोबरात होतोच आहे मंजूर."

"एक वाट आहे," डॉ. ओगले म्हणाल्या. पूर्वसभेत पडलेला एखादा विषय सभेत आयत्या वेळी मांडायचा हक्क नियमानं महापौरांकडे ठेवला होता. "येत्या ऑगस्टच्या पूर्वसभेत तुमच्या छायेनं तेच केलं. रडली ती, हात जोडले तिनं. चार मतं कमी पडली."

"चारच ना? मी दारोदार जाऊन आणते."

कुसुमताईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि त्यांची नजर एका शब्दावर अडकली. सूचक: भाऊसाहेब तनपुरे.

"मॅडम, इथं यांचं नाव कसं?"

"छायांनी ठरवलं तसं. का?"

का, ते कुसुमताईंना आणि तनपुऱ्यांना लगेच कळलं होतं. तनपुऱ्यांनी मान खाली घातली. वरदापुरात श्रद्धांजलीचा ठराव नेहमी महापौरच मांडतात. ही रीत फक्त एका वेळी मोडते. ज्याच्या घरी सुतक असेल त्यानं ठराव मांडायचा नाही.

कुसुमताईंची थोरली बहीण टाकीखाली राहत होती.

त्याच दुपारी त्या तिथे गेल्या. टाकी गळत होती आणि खाली जागोजाग पिंपं लावलेली होती. शहरात पाण्याची ओरड असली तरी इथे ददात नव्हती. आक्का पिंपाशी भांडी घासत बसली होती. आई गेल्यावर कुसुमला वाढवलं ते हिनंच.

"आक्का, माझ्याकडे चल राहायला."

"का गं? महापौर झाल्यावर भाकरी थापायला माणूस मिळंना व्हय?"

"मिळंना."

"खोटं बोलतीस. ल्हानपनी बी खोटं बोलताना असाच पदर पिळायचीस." आक्कानं वर टाकीकडे बघितलं. "ही पडायची हाय का?"

"अजून काही ठरलेलं नाही."

आपण हे काय बोललो, ते कुसुमताईंना बोलल्यावर कळलं.

शेजारची शेवंता दारात उभी राहून ऐकत होती. "पडायचीच असंल तर आमाला बी सांगा की, ताई. जागा द्या कुटं, आत्ता बोचकं बांधते. दोन लेकरं हायती, सामान काय लई न्हाई."

कुसुमताईंपाशी द्यायला जागा नव्हती. "बघते," त्या म्हणाल्या.

"तिचं आदी बघ," आक्का म्हणाली.

"बघते म्हटलं ना. तू चल."

आक्का आली. मनाविरुद्ध आली, पण आली. तिचे दुखरे गुडघे, तिची खाट, तिची तुळस, तिचा दवाखाना. तिनं बहिणीचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कितीतरी वर्षांनी कुसुमताईंना घरचा डबा मिळू लागला.

पत्रिकेची पुढची बैठक भरली तेव्हा तो डबा टेबलावर होता.

"सप्टेंबरच्या पत्रिकेत एक बदल आहे," डॉ. ओगले म्हणाल्या. "श्रद्धांजलीच्या सूचक आता तुम्ही आहात."

कुसुमताईंच्या छातीतून मोठा श्वास सुटला. तो सगळ्यांना ऐकू गेला. मग त्यांनी घाईनं विचारलं, "आणि ऑगस्टचा माझा आयत्या वेळचा विषय? चार मतांचा?"

"तो येत नाही."

"पडतो?"

"पडत नाही, येतच नाही. तुमची छाया आता तो मांडत नाही."

"तिला काय कळतंय! मी मांडणार आहे."

"त्या चार मतांसाठी कुणाकडे जाऊन आलात, ताई?"

कुसुमताईंना वेळच झाला नव्हता. आक्काची खाट आणायची होती, दवाखाना होता, मध्येच एक उद्घाटन होतं. "उद्या जाते," त्या म्हणाल्या.

"छायाही हेच म्हणते," डॉ. ओगले म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तनपुऱ्यांनी एक कागद पुढे सरकवला. ठरावाचे मसुदे आता कार्यालयाकडे आधीच तयार असत. "सूचक म्हणून तुम्हीच वाचणार, तर एकदा नजर टाका."

कुसुमताईंनी चष्मा लावला. मृतांच्या संख्येची जागा कोरी सोडलेली होती. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वर येऊन एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं नुसतं 'दुःखद' आहे," त्या म्हणाल्या. "'अत्यंत दुःखद' करा. आणि पुढचा विषय घ्या."