माइमूने दार उघडलं नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

बरंचसं माइमूच्याच तोंडून ऐकलंय. तिच्या स्वयंपाकघरात बसून, भर दुपारी. आणि थोडंसं... माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ते शेवटी सांगतो.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. संध्याकाळचे पाच.

गाव आमचंच. एस्टोनियाच्या दक्षिणेला, जंगलात शिरलेला कच्चा रस्ता जिथे संपतो तिथे. सगळी मिळून नऊ घरं. माइमूचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक शेत आणि एक कुंपण, बस्स.

माइमू तशी तार्तू शहरातली. चौथ्या मजल्यावर राहते. गावातलं हे लाकडी घर तिच्या नवऱ्याच्या, उनोच्या, आजोळचं. दोघं दर शनिवार-रविवारी यायची. उनो सफरचंदाच्या झाडांशी गप्पा मारायचा आणि माइमू त्याला नावं ठेवायची. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत उनो गेला.

पुढचे आठ महिने माइमू गावाकडे फिरकली नाही. नोव्हेंबरात आली, कारण घर हिवाळ्यासाठी बंद करायलाच हवं होतं. सोबत मुलगा होता, तार्मो. तो फिनलंडला बांधकामावर असतो. दोन दिवसांची रजा टाकून बोटीने आला होता.

शनिवारी सकाळी छान ऊन पडलं. दोघं कामाला लागली. पानं ओढून ढीग केले, बटाटे तळघरात नेले, पंपातलं पाणी काढून टाकलं. मग सफरचंदं. तार्मो शिडीवर, माइमू खाली टोपली घेऊन.

"आई, ही फांदी तोडू का? बाबांनी उगाच तीन वर्षं टेकू लावून ठेवलीय."

"हात लावू नकोस. तो टेकू काढलास, तर त्याच्या जागी तुला उभा करीन."

"चालेल. फिनलंडमध्ये तरी मी दुसरं काय करतो!"

माइमू हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं तिनेच मला सांगितलं.

दुपारी मी खारवलेल्या अळंब्यांची बरणी घेऊन गेलो. तिने मला जेवायलाच बसवलं. उकडलेले बटाटे, अळंब्या, आंबट साय, काळा पाव आणि ताज्या रसाचा पेला. तार्मोने चार बटाटे जास्तच खाल्ले. पोराचे हात फोडांनी भरले होते, तरी तो बसायला तयार नव्हता. शेडमधले बर्चचे ओंडके यांत्रिक करवतीने आजच कापून टाकतो म्हणाला.

"चारनंतर करवत बंद," माइमू म्हणाली.

"का?"

"एंडेलकाकांना विचार."

एंडेल म्हणजे मी. मग मीच त्याला सांगितलं. पानं गळून गेलेली आणि बर्फ अजून न पडलेलं, असे जे मधले काळे दिवस असतात, ते आमच्याकडे आत्म्यांचे. गेलेली माणसं तेव्हा घरी येतात. त्यांच्यासाठी अंधार पडता पडता टेबल मांडायचं. आणि गप्प बसायचं. ठोकाठोकी नाही, लाकूड तोडणं नाही. कोणी आलं तरी उठायचं नाही. वळून बघायचं नाही. ते आपले आपण येतात, जेवतात. जेवण झालं की घरातल्या माणसाने एकच वाक्य बोलायचं आणि निरोप द्यायचा.

"कमाल आहे," तार्मो म्हणाला. "जिवंतपणी बाबा म्हणायचे, काम केलं तर ऐकू आलं पाहिजे. आता गेल्यावर म्हणे आवाज नको!"

तो हसत होता, पण त्याचा चमचा बशीत नुसताच फिरत होता. उनोला आदल्या वर्षीच्या जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तार्मो एकदाही घरी आला नव्हता. काम, रजा, बोटीची तिकिटं... दर वेळी काहीतरी. आला तो थेट मातीलाच.

"कबूल. चारनंतर करवत बंद," तो म्हणाला.

तार्मोला वाटलं, आई रीत पाळतेय. तसं नव्हतं. माइमूला ते एक वाक्य बोलायचं होतं. त्यासाठीच ती आली होती.

झालं होतं असं.

झटक्यानंतर उनोचा उजवा हात निकामी झाला होता. उजवा पायही ओढत चालायचा. गावातल्या या घराच्या मागच्या दाराला जुनी लोखंडी खिटी आहे. ती अंगठ्याने दाबून वर उचलायची आणि त्याच वेळी दार ढकलायचं. उनोला ते जमत नसे. खिटी उचलली जायची आणि पडायची. आवाज आला की माइमू आतून दार उघडायची. डॉक्टर तिला रागावले. सगळं तुम्हीच करू नका, हात वापरू द्या म्हणाले.

ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी ती मुरंबा ढवळत होती. दमलेली, वैतागलेली. बाहेर बर्फाळ पाऊस. खिटी वाजली.

"स्वतः उघड!" ती आतूनच ओरडली. "किती दिवस मी पळायचं?"

खिटी वाजत राहिली. पाव तास. मग तिने दार उघडलं. उनो नखशिखांत भिजला होता. तिच्याकडे बघून ओशाळवाणं हसला.

त्या रात्री त्याला खोकला लागला. तो फेब्रुवारीपर्यंत टिकला. मग दोघेही गेले, खोकला आणि उनो.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच कमजोर होती. माइमूला ते पटलं नाही. तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तार्मोलाही नाही. आणि उनोची माफी मागायची राहून गेली होती.

तेच तिचं वाक्य होतं.

साडेचारला तिने टेबल मांडलं. जवाची लापशी, भाजलेलं मांस, बियरचा पेला. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. एक मेणबत्ती लावली. दाराकडे पाठ करून बसली.

तार्मो शेडपाशी होता. कापलेली लाकडं हाताने, आवाज न करता रचत होता.

बाहेर अंधारत गेलं. खिडकीची काच काळी झाली.

काहीच ऐकू येत नव्हतं. वारासुद्धा नाही.

माझा कुत्रा त्या वेळी रोज भुंकतो. त्या दिवशी तोही गप्प होता.

आणि मग...

खडीवर पाऊल वाजलं.

एक पाऊल. मग काहीतरी ओढल्याचा आवाज. पुन्हा एक पाऊल. पुन्हा ओढल्याचा आवाज.

माइमूने टेबलाची कड घट्ट धरली.

पावलं पायऱ्या चढली. तीन पायऱ्या, प्रत्येकीवर थांबून. मग बूट पुसल्याचा आवाज आला. एकच बूट.

मग खिटी उचलली गेली...

आणि पडली.

माइमूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीतीने नव्हे. तिला इतकं बरं वाटलं, ती म्हणाली, की ते सांगताही येणार नाही.

खिटी पुन्हा उचलली गेली. पुन्हा पडली.

तिचे पाय उठायला बघत होते. तिने त्यांना दाबून धरलं. उठायचं नाही. वळायचं नाही. उठलं तर येणारा परत जातो, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. आणि गेलेल्यांचे हातपाय दुखत नाहीत म्हणतात. त्यांना दार कशाला लागतं? येईल. आता आत येईल. बसेल, जेवेल. मग मी बोलेन.

तिसऱ्यांदा.

चौथ्यांदा. आता खिटी अगदी हळू उचलली गेली.

मग काहीच नाही. पण तो गेलाही नव्हता. फळ्यांच्या पलीकडे कोणीतरी उभं आहे, हे तिच्या पाठीला कळत होतं.

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. घड्याळ बंद होतं.

आणि एकाएकी शेडकडून करवतीचा आवाज उठला. सगळं घर थरथरलं. क्षणभरच. मग करवत बंद झाली.

बाहेर आता कोणी नव्हतं. ते तिला लगेच समजलं.

माइमू दार उघडून बाहेर धावली. असा संताप तिला जन्मात आला नव्हता.

"तार्मो! तुला सांगितलं होतं ना! सांगितलं होतं ना तुला!"

तार्मो टॉर्च घेऊन समोरून येत होता. "अगं, चिडतेस काय? आधी सांग, तू झोपली होतीस का?"

"काय?"

"एंडेलकाका किती वेळ दारात उभे! मी दोनदा हाक मारली, त्यांनी ऐकलंच नाही. म्हटलं करवत सुरू केली की वळून तरी बघतील."



"वळले?" तिने कसंबसं विचारलं.

"नाही. टोपी पार खाली ओढलेली. तसेच पायऱ्या उतरून शेतातून गेले. पायाला काही लागलंय का त्यांच्या? उजवा पाय ओढत चालत होते."

तार्मोने बापाला त्या चालीत कधी पाहिलंच नव्हतं.

"बिचारे खिटीशी झटत होते गं," तो म्हणाला. "तू आत होतीस ना? मग दार का नाही उघडलंस?"

माइमूने त्याला बाजूला सारलं. ती कुंपणाकडे पळाली. पायांत बूट नव्हते. आणि त्या दिवसांत ज्या गावात कोणी मोठ्याने खोकतसुद्धा नाही, तिथे ती गळा फाडून ओरडायला लागली.

"उनो! उनो, मी आतच होते! मला ऐकू येत होतं! तेव्हाही येत होतं! मला माफ कर, उनो!"

तार्मोच्या हातातली टॉर्च खाली पडली. त्याला तेव्हा कळलं, त्याने कोणाला पाहिलं ते.

नऊच्या नऊ घरांत तिचं ओरडणं गेलं. कोणीही बाहेर आलं नाही. सगळे आपापल्या टेबलापाशी, आपापल्या माणसांची वाट बघत बसले होते. मीही.

आता माझं सांगतो.

त्या संध्याकाळी मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. बायकोचं पान मांडून बसलो होतो. करवतीचा आवाज आला आणि थांबला. थोड्या वेळाने... माझ्या खिडकीखालून कोणीतरी चालत गेलं. एक पाऊल टाकत, एक ओढत. जंगलाकडे.

मी वळून बघितलं नाही.

मग माइमू ओरडायला लागली. आणि ती पावलं थांबली. माझ्या कुंपणापाशी, दहा हातांवर.

ती ओरडत होती तोवर पावलं हलली नाहीत. शब्दन् शब्द मला ऐकू येत होता, म्हणजे तिथेही येत असणार. शेवटी तिचा आवाज बसला. ती नुसती रडत राहिली.

मग ती पावलं पुढे निघाली. जंगलाकडेच.

तार्मो आता दर वर्षी त्या शनिवारी फिनलंडहून येतो. दोघं मायलेक दार सताड उघडं टाकून, अंगावर कोट घालून टेबलापाशी बसतात. आतापर्यंत कोणी आलेलं नाही.

उनोने तिचं सगळं ऐकलं, हे मी माइमूला सांगायला हवं. कितीदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय.

सांगितलं तर ती मला विचारील, ऐकलं... तर तो परत का नाही आला?

मला काय सांगता येणार आहे तिला?