नाव अमान्य

खोटं सांगून मला काय मिळणार? हे माझ्या सख्ख्या मोठ्या भावासोबत घडलंय. आमच्याच ऑफिसात, मंगळवारी, भर दुपारी.

दादा आमचा टीमप्रमुख. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्या प्रोग्रामला पोचवायचा, हे आमचं काम. निरोपावरचं नाव आणि वाट आधी तपासायची. चूक असेल तर निरोप परत.

ती तपासणी आमच्या टीममधल्या सगळ्यात जुन्या, सगळे 'काकू' म्हणत त्या बाईंनी लिहिलेली. ऑफिस त्यांना 'चाळणी' म्हणायचं.

मग एका कारखान्यात 'थांब' हा निरोप भलत्याच यंत्राला गेला. कामगाराचा हात गेला. "काकूंनी तपासणीत घोळ घातला," दादा म्हणाला. काकूंची नोकरी गेली. त्या धक्क्यानेच त्या गेल्या.

त्या मंगळवारी दादाने निरोप पाठवला… परत आला.

"नाव अमान्य."

पुन्हा पाठवला. तेच.

मी कोड उघडला. तपासणी तिथे नव्हतीच… अपघाताच्या आधीच कुणीतरी काढून टाकली होती.

"दादा, तू काढलीस?"

"अगं, घरच्याच प्रोग्रामांचे निरोप! त्यांना कसली तपासणी? उगाच वेळ खात होती."

"आणि आळ काकूंवर? चोर सोडून संन्याशाला फाशी! लाज नाही वाटली?"

तेवढ्यात काकूंच्या रिकाम्या टेबलावरून टकटक आली… शेवटची कळ आपटायची त्यांची सवय.

तिथे कीबोर्डच नव्हता.

आम्ही पळालोच. रोज सलाम ठोकणारा वॉचमन दादाला म्हणाला, "कोणाकडे आला होतात?"

दादाच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं. मला आत घेतलं आणि…

"हे कोण गं?"

"चेष्टा पुरे!" दादा ओरडला. लेकीला हाका मारत सुटला. पोर घाबरून आईमागे लपली.

मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. काकूंवरचा डाग तरी पुसला जाईल, मग काकू दादाला सोडतील, असं वाटलं.

साहेब म्हणाले, "तुला भाऊ कुठे आहे?"

दादा आता माझ्याकडे राहतो. त्याला ओळखणारी मी एकटीच.

आज सकाळी मी चहाचे दोन कप भरले… आणि दुसरा कुणासाठी, ते मला आठवेना.

समोर बसून तो माझ्याकडे बघत होता.