सातच्या बॅचचं गोल बटण

"बाबांनी शिट्टी खिळ्याला टांगली," मास्तरांची लेक म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

भाऊजींनी वहीत 'शिट्टी' असं लिहिलं आणि पुढे काही न सुचल्याने त्याखाली रेघ मारली. थोरल्या भावाची बायको खाजगी गुप्तहेर असली आणि आपण सेवानिवृत्त असलो, की माणसाला अशा रेघा माराव्या लागतात.

"कधीपासून होती गळ्यात?" वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला.

"लग्नाच्या फोटोतही आहे."

हकिकत अशी. मास्तर तलावावर सकाळी सातच्या बॅचला पोहायला शिकवत. पन्नाशी उलटल्यावर पाण्याशी पहिली ओळख करून घेणाऱ्यांची ही बॅच. सहाची बॅच मुलांची. ती मास्तरांचाच जुना विद्यार्थी घेई. त्याला सगळे छोटा कोच म्हणत. पुढे सातच्या बॅचला कोणी शिकवावं, यावर ऑनलाइन फॉर्मवर मतं मागवली गेली. मास्तरांना पडलं एक मत. बाकीची सगळी छोट्या कोचला.

"आणि ते एक बाबांचं स्वतःचंच, असं लोक कुजबुजतात. आज संध्याकाळी निरोप समारंभ आहे. बाबा घराबाहेर पडत नाहीत, मावशी. बादलीतल्या पाण्याकडेसुद्धा बघत नाहीत."

"चला भाऊजी," वहिनी उठल्या. "टॉवेल नको. फक्त वही."

तलावावर क्लोरीनचा वास होता आणि फरशी ओली होती. बेकरीवाल्या बाई काठाला धरून पाय मारत होत्या.

"मी मास्तरांनाच मत दिलं!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "चौथ्या प्रश्नाला पहिलंच नाव त्यांचं. पटकन टिचकी मारली. इतरांचं मला काही सांगू नका, सगळे आतल्या गाठीचे."

वकीलसाहेबांनीही मास्तरांनाच मत दिलं होतं आणि तेही इतरांना आतल्या गाठीचे म्हणाले. दंतवैद्य तेच म्हणाले. तासाभरात भाऊजींच्या वहीत मास्तरांची मतं ओळीने उभी राहिली.

"सगळे धडधडीत खोटं बोलतायत," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले.

"इतकी माणसं इतकं एकसारखं खोटं बोलत नाहीत, भाऊजी. आपल्या घरात तिघांचं जुळत नाही."

कचेरीच्या दारावर दोन वेळापत्रकं चिकटवलेली होती. वर सातच्या बॅचचं, खाली सहाच्या बॅचचं.

"उलटंच लावलंय," भाऊजी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही, याची त्यांना सवय होती.

सेक्रेटरी आत शिंकत बसला होता. फॉर्म त्यानेच बनवला होता आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान होता.

"रेडिओ बटणं ठेवली. गोल असतात ती. एक दाबलं की दुसरं आपोआप सुटतं. चौकोनी ठेवली असती तर या मंडळींनी दोघांनाही खूण केली असती, कोणाचं मन मोडायला नको म्हणून. उत्तर सक्तीचं केलं. आधीपासून कुठलंच बटण दाबून ठेवलं नाही. चोख काम."

"आणि मोजलं कसं?"

"प्रत्येक पर्यायाला दोन खाने असतात. एकात लोकांना दिसणारं नाव, दुसऱ्यात आतली खूण. वर छोटा कोच, त्याची खूण एक. खाली मास्तर, खूण दोन. शीटमध्ये नुसत्या खुणा येतात. मोजल्या."

"तुम्ही स्वतः फॉर्म भरलात?"

"मी पाण्यात उतरत नाही. सर्दी होते. पाठवण्याआधी छोट्या कोचला तपासायला दिला होता. त्याचं शुद्धलेखन बरं आहे. आणि बाई, मतदान घ्या असं मास्तरच म्हणाले. गुडघे दुखतात त्यांचे."

छोटा कोच काठावरची मास्तरांची खुर्ची पुसत होता. पुसून झाल्यावर तो जमिनीवर बसला.

"मत कोणाला दिलंत?" वहिनींनी विचारलं.

"मतदान गुप्त असतं," तो म्हणाला. जिंकलेल्या माणसाचं इतकं पडलेलं तोंड भाऊजींनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मास्तर घरी भिंतीकडे तोंड करून बसले होते. "मी स्वतःला मत दिलेलं नाही," ते म्हणाले. "एवढं मात्र लिहून घ्या."

भाऊजींनी लिहून घेतलं आणि आदराने दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी तलावाकाठी खुर्च्या मांडल्या होत्या. लेकीने मास्तरांना जवळजवळ ओढतच आणलं. सेक्रेटरी भाषणाचा कागद उलगडणार, तोच वहिनी उभ्या राहिल्या.

"निरोप जरा थांबवा. सेक्रेटरी म्हणतात, वर छोटा कोच होता. बेकरीवाल्या बाई म्हणतात, पहिलं नाव मास्तरांचं होतं. दोघंही खरं बोलतायत. म्हणजे मधे कोणीतरी नावांची अदलाबदल केली. फॉर्म तिसऱ्या एकाच माणसाच्या हातात गेला होता."

सगळ्या माना छोट्या कोचकडे वळल्या.

"हा माणूस मास्तरांच्या खुर्चीवर बसत नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "सहाचं वेळापत्रक सातच्या खाली लावतो. भाऊजींनी ते सकाळीच टिपलं होतं."

भाऊजी चकित झाले, पण तसं दिसू दिलं नाही.

"माझं नाव सरांच्या डोक्यावर होतं," छोटा कोच पुटपुटला. "बघवेना. वरचं पुसून सरांचं लिहिलं, खालचं पुसून माझं. बाकी कशाला हात लावला नाही, शपथ."

"तेच तर झालं! दिसणारी नावं बदलली, आतल्या खुणा जागच्या जागी राहिल्या. बाईंनी मास्तरांवर टिचकी मारली, शीटमध्ये पडला एक. आणि सेक्रेटरींच्या डोक्यात एक म्हणजे छोटा कोच."

सेक्रेटरीने लॅपटॉप उघडला, पाहिलं, आणि शिंकायचंही विसरला.

"म्हणजे सगळी मतं मास्तरांची!" बेकरीवाल्या बाई ओरडल्या. मग डोळे बारीक करून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पण एक मत छोट्याला पडलंय. कोण तो आतल्या गाठीचा?"

भाऊजींनी वही उघडली. दोन रेघांवर त्यांची नजर थांबली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट त्यांना वहिनींनी सांगण्याआधी कळली.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुम्ही स्वतःला मत दिलं नाहीत. मग दिलंत ते..."

मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं.

"पोरगा माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो," ते म्हणाले. "कधीतरी जायचंच होतं. वाटलं, त्याला माझं एक तरी मत असावं. बाकी तुम्ही मला सोडणार नाही. निकाल ऐकला आणि... जायचं होतं रे, पण इतक्या एकमताने?"

छोटा कोच त्यांच्या पायाशी बसला होता. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, मग तोच हात तिथेच राहू दिला.

लेकीने पर्समधून शिट्टी काढली. ती गळ्यात घालून मास्तर गुडघे सांभाळत कचेरीच्या दाराशी गेले. त्यांनी दोन्ही वेळापत्रकं सोडवली आणि सहाचं वर, सातचं खाली लावलं.

"सहा आधी वाजतात," ते म्हणाले. "एवढंही शिकवलं नाही का मी तुला? उद्यापासून सातलाही थांबायचं. मी खुर्चीवरून ओरडेन, तू पाण्यात उतर."

मग त्यांनी अशी शिट्टी फुंकली, की सेक्रेटरीच्या हातातलं भाषण पाण्यात पडलं.

"आणि तुम्ही, वहीवाले! उद्या सातला. टॉवेल घेऊन."

भाऊजींनी मदतीसाठी वहिनींकडे पाहिलं. त्या भाऊजींच्याच वहीत 'टॉवेल' असं लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी त्याखाली रेघ मारली.