घराला खेटून काय लावायचं

गारांचा मारा थांबेपर्यंत आडोसा हवा, म्हणून टॅमसिन रस्त्याकडेच्या नर्सरीत शिरली. विकत काहीच घ्यायचं नव्हतं. पण छपराखाली सायप्रसची रोपं ओळीने मांडलेली दिसली... आणि तिचे पाय जागीच थबकले. दाट, गडद हिरवी. बाबांनी घराभोवती हीच लावली होती.

"ही सगळी द्या," ती म्हणाली.

कुंड्या आत ओढणारा तरुण वळला. उंच, बूट चिखलाने बरबटलेले, कपाळावर ओले केस. "कुठे लावणार?"

"घराला लागून. खिडक्यांखाली."

"मग नाही देत."

"म्हणजे? विकायची नाहीत?"

"आहेत की. तुम्हाला नाहीत."

"असं गिऱ्हाईक हाकललंत तर धंदा कसा चालतो तुमचा?"

"फारसा चालत नाहीच," तो हसत म्हणाला. "घर कुठे तुमचं?"

"टेकडीवरचं शेवटचं."

त्याचं हसू मावळलं. त्या खोऱ्यात टेकडीवरचं शेवटचं घर कुणाला ठाऊक नव्हतं? मागच्या मोठ्या वणव्यात ते गेलं होतं... आणि ते वाचवायला पाण्याची नळी घेऊन मागे थांबलेले तिचे बाबाही.

"सायप्रस तेलाच्या चिंधीसारखा पेटतो," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी झाड, मग खिडकीची काच, मग—"

"म्हणजे माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी..."

"मी तसं म्हटलं नाही. तेव्हा सगळेच लावायचे. माझ्या आजोबांनीच गावभर विकली."

ती गारांतच बाहेर पडली. गाडीत बसल्यावर खूप वेळ तिला किल्ली फिरवता येईना.

तरीही पुढच्या शनिवारी ती परत आली. नवं घर बांधून झालं होतं, पण भोवती नुसती उघडी माती. शहरात बहिणीकडे राहणारी आई म्हणत होती, बाग झाल्याशिवाय मी तिथे पाऊल टाकणार नाही. जोरिसने — त्या तरुणाचं नाव जोरिस — काही न विचारता गाडी झुडपांनी भरली आणि तिच्या मागोमाग टेकडी चढला.

त्याने कुंड्या जमिनीवर मांडल्या, लांब जाऊन पाहिलं, पुन्हा हलवल्या. "भिंतीला खेटून फक्त खडी. त्यापुढे ही बुटकी, रसाळ पानांची. मग करड्या पानांची सॉल्टबुश, ती सहसा पेटत नाही. लिलीपिलीची झुडपं पार तिकडे, कुंपणाशी."

"सगळं न जळणारंच? सुंदर काही नाही?"

"आहे ना. तुम्ही जरा बाजूला झालात तर दिसेल. तुम्ही मधे असताना झुडपांकडे बघणार कोण?"

"हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता?"

"बाकीची गिऱ्हाइकं सायप्रस मागत नाहीत..." म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले, आणि तो घाईघाईने खड्डा खणू लागला.

थंडीभर तो येत राहिला. पावसात दोघं आळी करायची, एकाच मगातला चहा प्यायची. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं; कोणी आधी म्हटलं, ते दोघांनाही आठवेना.

वसंतात लिलीपिलीला तांबूस पालवी फुटली, तेव्हा आई आली. सावकाश चालत तिने बागेला एक फेरी मारली. प्रत्येक झुडपाला हात लावला.

"छान केलीस गं," ती म्हणाली. "पण मला इथे झोप नाही लागायची. तुझ्या बाबांचा आवाज येतो मला." दुपारच्या बसने ती परत गेली.

टॅमसिन पायरीवर बसून राहिली. "मग कोणासाठी लावली मी ही बाग?"

"तू राहा ना," जोरिस म्हणाला. "मी... म्हणजे, पाणी घालायला येत जाईन."

ती राहिली.

फेब्रुवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, उत्तरेचा वारा सुटला, तापलेला, कोरडा. डोंगरामागून धूर चढला आणि फोनवर घरं सोडायचा इशारा आला. ती निघतच होती, एवढ्यात जोरिसची गाडी धडधडत वर आली. मागे पाण्याची टाकी.

"झुडपं भिजवली तर घर वाचेल," नळी जोडत तो म्हणाला. "तू हो पुढे. मी आलोच मागून."

"बाबाही फोनवर हेच बोलले होते. मी आलोच मागून."

त्याचे हात थांबले.

"जळू दे बाग," ती ओरडली. "सगळी जळू दे! तू गाडीत बस. नाहीतर मीही इथेच थांबते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नळी हातातून सोडली आणि गाडीत येऊन बसला.

गावच्या सभागृहात ती दोघं शेकडो माणसांबरोबर जमिनीवर पडून राहिली. रस्ता खुला झाल्यावर परतली, तर घर उभं होतं. पश्चिमेकडची सॉल्टबुश होरपळली होती, लिलीपिलीची पानं उकडल्यासारखी तपकिरी. पण वारा फिरला होता, आणि आग खाली खोऱ्यात उतरली होती.

नर्सरी उरली नव्हती. छपराचे पत्रे पिळवटलेले, कुंड्या वितळून जमिनीला चिकटलेल्या. आजोबांच्या वेळचं सगळं काळं झालं होतं. जोरिस राखेतच खाली बसला.

"तुझी टाकी तर भरलेली होती," टॅमसिनचा आवाज चिरकला. "इथे लागली असती ना रे... तू माझ्याकडे का आलास?"

"वाटलं नव्हतं, आग इकडे वळेल." तो थांबला. "नाही... खोटं बोललो. इथला विचारच आला नाही मनात. फक्त तुझा आला."

ती त्याच्याशेजारी राखेत बसली.

"माझा जीव जडलाय तुझ्यावर," ती म्हणाली. "आणि ही काय वेळ आहे सांगायची..."

तो हसला. हसता हसता त्याचे खांदे हलू लागले, आणि मग तो हमसाहमशी रडला. तिने त्याला गप्प केलं नाही. उठ, असंही म्हणाली नाही. त्याचं राखेने काळं झालेलं डोकं खांद्यावर घेऊन, राखेवरून ऊन सरकेपर्यंत ती तशीच बसून राहिली.