तारेवरची तीन प्रूफं

"हात काळे झाले तर होऊ देत, पण कागद फाडायचा न्हाय," अजीजाने बजावलं आणि ती, महादेवी आणि सिद्धाराम अशी तिघं प्रेसच्या मागच्या खोलीत तारांना टोचलेले कागद उपसू लागली.

महादेवीच्या डोक्यात एकच वाक्य ठणकत होतं. शाळेच्या वार्षिक अंकात, तिच्या नावाखाली छापलेलं: 'दुष्काळी कामावरची सुकडी फार रुचकर असते.' असलं घाण वाक्य तिने लिहिलंच नव्हतं. तिची आई शिवबाई अक्कलकोट रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मजुरांना खायला मिळणाऱ्या सुकडीच्या पिठात अळ्या निघतात म्हणून बायकांनी तक्रार केली, तर पाहणीच्या साहेबाने हाच अंक पुढे धरला आणि त्यांना हाकलून दिलं. त्या दिवसापासून आई महादेवीशी बोलत नव्हती.

साहेबाला अंक दिला होता शाळेच्या सेक्रेटरींनी. सुकडीचा ठेका त्यांच्या मेव्हण्याचा! आपण अक्षरही बदललं नाही, असं ते छातीठोक सांगत होते. आणि महादेवीचा मूळ कागद? तो म्हणे उंदरांनी खाल्ला.

"अख्खा अंक सोडून उंदराला हिचाच निबंध गोड लागला व्हय?" सिद्धाराम म्हणाला.

पण अजीजाचे आजोबा नबीसाब अंक छापणाऱ्या याच प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवणारे होते, आणि त्यांच्या हाताला एक सवय होती. दुरुस्ती झाली की नवं प्रूफ काढायचं, जुनं तारेला टोचायचं. कुणी सांगावं लागत नसे. दसऱ्याला मशीनची पूजा होईपर्यंत त्यातला कपटाही फेकायचा नाही. सेक्रेटरींना हे ठाऊकच नव्हतं.

चौथ्या तारेवर तिन्ही प्रूफं सापडली. पहिल्यावर महादेवीचं वाक्य: 'सुकडीत अळ्या असतात. आई त्या वेचते, मग आम्हाला देते.' दुसऱ्यावर ते लाल शाईने खोडलेलं, शेजारी 'दुष्काळी कामावरची सुकडी फार रुचकर असते' आणि खाली सेक्रेटरींची ठसठशीत सही. तिसरं बदललेल्या वाक्याचं, एकदम स्वच्छ.

नबीसाबांनी चष्मा काढला. "मी वाचलं होतं, बेटी. तरी खिळे बदलले. थू माझ्यावर. उद्या मी येतो बोलायला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते तिघांना घेऊन रस्त्याच्या कामावर गेले. सेक्रेटरी साहेबाशेजारी खुर्चीत बसून पान चघळत होते. पोरांचा खेळ आहे, म्हणून ते हसले. नबीसाबांनी दुसरं प्रूफ साहेबासमोर धरलं आणि हे आपल्यासमोर खोडलं गेलं, असं सांगितलं. सही बघून साहेबाने पोती फोडायला लावली. कुबट वास आला आणि पीठ वळवळू लागलं. सेक्रेटरींना पान गिळवेना.

तक्रार लिहून घेतल्यावर साहेब महादेवीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "शाबास! हुशार पोरं आहात."

महादेवीला किळस आली. याच हाताने त्याने बायकांना हाकललं होतं. ती बाजूला सरकली.

शिवबाई पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं.

"आळ्या कुटं लिवलंय? दाव."

महादेवीने पहिल्या प्रूफावर दाखवलं. शिवबाईने सोललेलं बोट त्या शब्दावर टेकवलं.

"आता मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "समद्यांनी ऐकू दे, माझ्या लेकीनं काय लिवलं हुतं."